शेपटीचा शॉट

माझ्या उजव्या पोटरीवर चार दातांचे वण आहेत. नातीला मी आजवर सांगत आले की तो बिबट्या होता. वाघेऱ्याच्या घाटात समोर आला, मी त्याच्या थोबाडात कॅमेऱ्याचं स्टँड हाणलं आणि तो पळाला. ती लहान असताना ही गोष्ट दर उन्हाळ्याच्या सुट्टीत थोडी थोडी वाढत गेली. शेवटी शेवटी बिबटे दोन झाले होते.

मागच्या दिवाळीत तिनं माळ्यावरच्या माझ्या जुन्या टेपा काढल्या, कुठूनतरी कॉम्प्युटरवर उतरवून आणल्या आणि एकटीनं सगळ्या बघितल्या. मग लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आजी, हे ऐक."

पडद्यावर हरसूलचा बाजार. मिरच्यांचे ढीग, सुकटीच्या पाट्या, जीपच्या थांब्याजवळ बसलेला एक काळा कुत्रा, आणि शेजारी चहावाला. मी चित्रात नाही. नुसता माझा आवाज आहे. चढा, चिरका, दुकानात साडी परत करायला गेलेल्या बाईसारखा.

"काका, हा कुत्रा कुणाचा?"

"कुनाचा म्हंजे? त्याची मानसं गेली ना द्राक्षावर. म्हातारी बघती त्याला. सांजेला जाईल..."

"कट, कट! काका, एवढं लांबण लावू नका. फक्त म्हणायचं, 'कुणाचा नाय.' माझ्याकडे नाही बघायचं, कुत्र्याकडे बघायचं. हं, बोला."

चहावाला हातातलं गाळणं खाली ठेवतो. मग कुत्र्याकडे बघत, "कुनाचा नाय."

"सुंदर!" हा माझाच आवाज.

नातीनं तिथं थांबवलं. "बिबट्या कुठल्या टेपेवर आहे?" तिनं विचारलं. कार्टी माझ्यावरच गेली आहे.

तर खरं सांगते.

त्या वेळी मी नाशकात व्हिडिओ शूटिंग करणारी एकुलती एक बाई होते, निदान मी तसं सांगत फिरायचे. नव्वदच्या आसपास लग्नांच्या कॅसेटपासून सुरुवात केली. त्या धंद्यात शूटिंग कुणीही करतं, खरी करामत मिक्सिंगमध्ये. रुसून कोपऱ्यात बसलेली आत्या कापायची. पंगतीत वाढप्यावर खेकसणारा मामा कापायचा. नवरी हार घालताना हसली नसेल तर मेंदीच्या वेळी मैत्रिणीकडे बघून हसलेली नवरी उचलायची आणि नवरदेवाच्या चेहऱ्यापुढे चिकटवायची. मधे एक गुलाबाचं फूल उमलवलं की काम झालं. नाशकात अशी कितीतरी जोडपी आहेत जी स्वतःच्या लग्नात एकमेकांकडे बघून हसलीच नव्हती, आणि त्यांना ते माहीत नाही. मला माहीत आहे.

या करामतीचा त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, फार गर्व होता. पुढे केबलवरच्या जाहिराती मिळायला लागल्या तशी तिनं टोपी घालायला सुरुवात केली. उलटी. वय चाळिशी ओलांडलेलं, केसांना मेंदी, गळ्यात शिट्टी. व्हिजिटिंग कार्डावर सोनेरी अक्षरांत 'निर्माती-दिग्दर्शिका'. ही बया आज माझ्या दारात आली तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शहराबाहेरच्या एका बुटांच्या कारखान्याला डोंगरात चालायचे बूट विकायचे होते. त्यांचे जाहिरातीचे साहेब मुंबईहून आलेले, तिशीचे, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणारे. त्यांना तीन-तीन मिनिटांच्या पाच फिल्मा हव्या होत्या. रस्त्यावरून वाचवलेला कुत्रा आणि त्याला वाचवणारा माणूस, दोघं मोकळ्या डोंगरात चालतायत, माणसाच्या पायात कंपनीचे बूट. केबलवर दाखवायच्या, दुकानांत टीव्हीवर लावायच्या, डीलर लोकांच्या मेळाव्यात वाजवायच्या.

"इमोशन पाहिजे मॅडम," साहेब म्हणाले. "कुत्रा रेस्क्यू वाटला पाहिजे. पण रोगट नको."

माझा कॅमेरामन गिरणाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, पस्तिशीचा, कमी बोलणारा. आम्ही दोघं आधी पंचवटीत गेलो. तिथं एका निवृत्त शिक्षिकेकडे अपघातातून, गटारातून, कुणाच्या तरी दगडांतून वाचवलेले अकरा कुत्रे होते. कुणाचे केस गेलेले, कुणाचा डोळा. त्यातल्या त्यात एक तांबूस कुत्री दिसायला गोड होती, आणि उड्या मारत डोंगर चढेल अशी होती. मी तिचा फोटो साहेबांना दाखवला.

"पाय तीनच आहेत," साहेब म्हणाले.

"हो, पण पळते छान."

"मॅडम, आपण बूट विकतोय."

मी शिक्षिकाबाईंना नकार कळवायला गेले तर त्यांनी फाटकातूनच ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही माझ्या कुत्र्यांना नापास करायला आला होतात," त्या म्हणाल्या, आणि अकरा कुत्री माझ्यावर भुंकत असताना त्यांनी एकालाही गप्प केलं नाही.

पहिल्या चार फिल्मा मग मी माझ्या पद्धतीनं केल्या. ओळखीच्यांचे धुतलेले, विंचरलेले कुत्रे आणले. एक तर शेजारणीचं पांढरं पॉमेरियन होतं. त्याला आधी चिखलात लोळवून 'पूर्वी' घेतलं आणि मग शाम्पू लावून 'नंतर'. शेजारीण अजून माझ्याशी बोलत नाही. पण साहेब हुशार होते. चौथी फिल्म बघून म्हणाले, "सगळ्यांत 'नंतर'च आहे मॅडम. रेस्क्यू कुठंय? पाचवीत प्रत्यक्ष सुटका पाहिजे. उचलतानाचा शॉट."

म्हणून आम्ही हरसूलच्या बाजारात गेलो. खेड्यात बेवारस कुत्र्यांना काय तोटा, असं त्या टोपीवाल्या बाईचं मत.

थांब्यावर तो काळा कुत्रा बसलेला. बरगड्या दिसत होत्या, गळ्यात पट्टा नाही, जीपा येत-जात होत्या, माणसं त्याला ओलांडून जात होती आणि हा रस्त्याकडे तोंड करून दगडासारखा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे मी आणलं. कॅमेरामन कॅमेरा लावता लावता म्हणाला, "मॅडम, हा बेवारस नाही."

"कशावरून?"

"बेवारस कुत्रा माणसाच्या हाताकडे बघतो. हा रस्त्याकडे बघतोय."

"तू लेन्समधून बघ," मी म्हटलं.

दिवाळीनंतर तिकडची माणसं घराच्या दाराला काटेरी झाप लावून द्राक्षाच्या कामाला पिंपळगावकडे उतरतात आणि होळीला परत जातात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. गंगापूर रोडवरून त्यांचे ट्रक जाताना मी दरवर्षी बघत होते. चहावाल्याचं म्हणणं मला पूर्ण कळलं होतं. पण माणसं गेली म्हणजे कुत्रा टाकून गेली, आणि 'म्हातारी बघते' हा मिक्सिंगमध्ये कापायचा तुकडा, असं मी ठरवून टाकलं. रुसलेल्या आत्यासारखा.

सुटका अशी झाली. मी बिस्कीट पुढे केलं, त्यानं हुंगलंही नाही. मी जवळ बसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, त्यानं डोकं बाजूला घेतलं. मग कॅमेरामनला कॅमेरा स्टँडवर ठेवायला लावून आम्ही मागून पोतं टाकलं. पोत्यातून जे काही बाहेर आलं ते थेट माझ्या पोटरीत. मी बाजारभर ऐकू जाईल अशी किंचाळले. टोपल्या विकणारी एक बाई उठून पुढे आली. "कुठं नेता गं त्याला?"

"दवाखान्यात," मी म्हटलं. पायातून रक्त येत होतं, त्यामुळे ते खरं वाटलं असावं.

निघताना मी चहावाल्याच्या हातात माझं सोनेरी कार्ड ठेवलं. "कुणाला कुत्र्यांबद्दल काही कळवायचं असेल तर." काय तो रुबाब!

कुत्र्याला इंजेक्शनं, मला इंजेक्शनं. आमच्या रो-हाऊसच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली त्याला साखळीनं बांधलं. साहेब बघायला आले आणि खूश झाले. त्यांनी त्याला नव्या बुटाच्या मॉडेलचं नाव दिलं. ते नाव मी इथं घेत नाही, कुत्र्यानंही कधी घेतलं नाही. हाक मारली की तो भिंतीकडे बघायचा. बिस्किटं खायचा नाही, मटण हुंगून सोडायचा. कॅमेरामन घरून नागलीची भाकरी आणायचा, तेवढी खायचा, तीही आम्ही आत गेल्यावर. सोसायटीनं नोटीस लावली. आमचे हे म्हणाले, "तू घरात माणसं सांभाळत नाहीस, जनावर कशाला आणलंस?" एकूण त्या महिन्यात माझ्याकडे बघून कुणाचीच शेपटी हलत नव्हती.

आणि नेमकी तीच हवी होती. सुटका झाली, इंजेक्शनं झाली, आता कुत्रा गंगापूर धरणामागच्या टेकडीवर नव्या मालकाबरोबर चालतोय, मालक खाली वाकून बुटाची नाडी बांधतो, कुत्रा त्याच्याकडे बघून शेपटी हलवतो, समाप्त. मालक म्हणून साहेबांनी मुंबईचा एक मॉडेल पाठवला होता. त्याला कुत्र्यांची भीती. तो नाडी बांधायला वाकला की अर्धा डोळा दातांवर ठेवायचा. कुत्रा त्याला पाठ करून बसायचा, प्रत्येक वेळी एकाच बाजूला तोंड.

"सारखा पश्चिमेकडे का बघतोय हा?" मॉडेलनं विचारलं.

"हरसूल तिकडं आहे," कॅमेरामन म्हणाला.

"तिकडे उजेड चांगला आहे," मी म्हटलं.

तीन वेळा टेकडीवर गेलो. शेपटी खाली ती खालीच. साहेबांचे फोन. "मॅडम, बूट घातलेल्या माणसाला बघून कुत्रा खूश दिसलाच पाहिजे, नाहीतर फिल्म कशाला?" शेवटी मी शेपटीला नायलॉनचा पातळ दोरा बांधला आणि झुडपामागे बसून ओढला. कुत्र्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. भुंकला नाही, गुरगुरला नाही, नुसतं बघितलं. दोरा मीच सोडला. हा शॉटही टेपेवर आहे. नात तो मला परत परत दाखवते.

त्यानंतरच्या आठवड्यात, भर दुपारी, फाटकाशी एक म्हातारी उभी. अनवाणी, नऊवारी गुडघ्यापर्यंत, हातात माझं कार्ड. एसटीनं नाशकात उतरून दुकानादुकानांत ते कार्ड दाखवत ती गंगापूर रोडपर्यंत चालत आली होती.

"ह्ये तुझं?" तिनं कार्ड पुढे केलं.

"हो मावशी. काय काम होतं?"

"माझा कुत्रा दे."

"कुठला कुत्रा?"

"बाजारातनं पोत्यात घालून आनला त्यो."

"तो बेवारस होता, मावशी. आम्ही त्याची सुटका केली."

"कुनापासून?"

पाच फिल्मांचं स्क्रिप्ट मी लिहिलं होतं, हा प्रश्न त्यात कुणी विचारत नव्हतं. मी विषय बदलला. "बाजारात एकटा बसला होता, उपाशी."

"बाजाराला बसतोच त्यो. पोरगा न् सून तिथनंच ट्रकात बसली ना, बाजाराच्या दिशी. मंग ह्यो दर बाजाराला जातो, दिसभर जीपा बघतो, सांजेला घरी येतो. बाकीचे दिस शेळ्या राखतो. त्याला बाजार कळतोय, बाई. तुला कळत नाय."

"पुरावा काय तुमचाच आहे म्हणून? पट्टा नाही, लायसन नाही. नाव काय त्याचं?"

"नाव कशाला? एकच हाय."

"असं कसं? कुत्र्याला नाव नसतं होय?"

"तुझ्याकडं लय हायेत का?" तिनं माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "तीन शेळ्या राखायला ठेवल्या पोरानं माझ्याकडं. ह्यो नाय तवापासून दोन नेल्या वाघानं, मांडवातनं. एक ऱ्हायलीय. तीपन गेली तर होळीला पोराला काय सांगू? कुत्रा शिनेमात गेला म्हनू?"

आता त्या टोपीवाल्या बाईनं काय केलं ते ऐका. ती आत गेली आणि कंपनीच्या नमुन्याच्या बुटांचा एक जोड घेऊन आली. "मावशी, हे घ्या. तुमच्या पायाला होतील."

म्हातारीनं बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुत्र्याला घाल," ती म्हणाली.

एवढ्यात मागच्या अंगणातून धाड-धाड आवाज सुरू झाला. कुणीतरी पत्रा बडवत असल्यासारखा. कॅमेरामन मागच्या दारातून डोकावला. चेहरा असा की मला वाटलं शेड पडली.

"मॅडम, शेपटी," तो म्हणाला.

म्हातारीचा आवाज ऐकून कुत्रा उभा राहिला होता आणि त्याची शेपटी पत्र्यावर आपटत होती. महिनाभर ज्या शेपटीसाठी मी बिस्किटं, मटण, दोरे केले ती शेपटी.

म्हातारी मला ढकलून आत गेलीच होती. ती खाली बसली आणि तो तिच्या अंगावर. लोळतोय काय, रडतोय काय, तिच्या कानात नाक खुपसतोय काय. म्हातारी त्याला शिव्या देत होती, एकामागून एक, अगदी हलक्या आवाजात. आणि मी ओरडत होते, "लाव! कॅमेरा लाव! आधी शेपटी घे!"

कॅमेरामननं माझ्याकडे बघितलं. मग लावला. त्याला वाटलं असणार, हे झालं की कुत्रा जाईल.

"मावशी, जरा डावीकडे सरका. तुमची सावली पडतेय."

ती सरकली नाही. मी जाऊन तिचा पदर बाजूला केला, शेपटी झाकत होता म्हणून. हे मी केलं. माझ्या या हातानं.

चार मिनिटांचा शॉट झाला. म्हातारी साखळी सोडायला लागली तेव्हा मी कुलूप दाखवलं. "आता नाही मावशी. एक दिवसाचं काम बाकी आहे. पुढच्या बाजाराला मी स्वतः आणून सोडते. देवाशपथ."

"आत्ता दे."

"पोलिसांना बोलावू का? दुसऱ्याच्या घरात घुसलात म्हणून?"

ती उठली. कुत्रा साखळीच्या टोकापर्यंत आला आणि थांबला. फाटकाशी ती वळली. "बाजाराला आन. नाय आनला तर मी परत येनार नाय. चोराच्या दारी मानूस एकदाच जातं."

कार्ड तिनं टाकलं नाही. पदराच्या गाठीत बांधून नेलं.

बाकी होतं ते काम एका दिवसाचंसुद्धा नव्हतं, एका दुपारचं होतं. मिक्सिंगचं. म्हातारीला बघून हललेली शेपटी कापली आणि नाडी बांधणाऱ्या मॉडेलपुढे चिकटवली. म्हातारीचा पदर एका कोपऱ्यात राहत होता, तिथं चित्र थोडं मोठं केलं, गेला. काय बसला होता शॉट! मी तीन वेळा बघितला आणि तिन्ही वेळा मला तो खरा वाटला. कॅमेरामननं एकदाच बघितला. मग कॅमेऱ्याची बॅग माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "पुढची लग्नं दुसऱ्या कुणाला सांगा, मॅडम." मी त्याला कृतघ्न म्हटलं. आणखीही बरंच काही म्हटलं. तो जाताना मागच्या अंगणात भाकरी ठेवून गेला.

पुढचा बाजार आला. साहेबांना आणखी दोन फोटो हवे होते, म्हणून गेला. त्याच्या पुढचा आला, त्या दिवशी मेळाव्याची तयारी होती. कारणं मी फार छान द्यायचे. स्वतःलासुद्धा.

डीलर लोकांचा मेळावा एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाला. मी नवीन साडी नेसून, टोपी घरी ठेवून, कुत्र्याला घेऊन गेले. पाचवी फिल्म लागली. चहावाला म्हणाला, "कुनाचा नाय." हॉल चुकचुकला. सुटका झाली. डोंगर आला, नाडी आली, शेपटी आली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीतून अर्धी उठले, कारण आता नाव येणार होतं.

नाव आलं. कंपनीचं. खाली संकल्पना आणि दिग्दर्शन म्हणून साहेबांचं. निर्माती-दिग्दर्शिका कुठंच नव्हती. साहेबांनी मुंबईत आणखी एकदा मिक्सिंग करून घेतलं होतं. भाषणात म्हणाले, "नाशिकच्या एका घरगुती युनिटनं आम्हाला लोकल मदत केली." मग कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून, "आणि हा आता कंपनीचा. उद्या मुंबईला, मग वर्षभर प्रत्येक शहरात, प्रत्येक दुकानात." कुत्रा भिंतीकडे बघत होता.

कुणी कापून टाकलं की कसं वाटतं ते तेव्हा मला उमगलं, असं लिहिलं तर ही गोष्ट फार चांगली होईल. तसं काही झालं नाही. मला नुसता राग आला. डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कंपनीची गाडी यायची होती, आणि दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी सकाळी आठला कुत्र्याला आमच्या गाडीत घातलं आणि गिरणाऱ्याचा रस्ता धरला. पुण्य म्हणून नाही. खुन्नस म्हणून. पायात कंपनीचेच बूट होते, तीही खुन्नसच.

हरसूलला दार उघडलं तसा तो उतरला आणि थांब्याजवळ आपल्या जागी जाऊन बसला. रस्त्याकडे तोंड. मी हाका मारल्या, साखळी ओढली, "घरी चल ना रे" म्हणून विनवण्या केल्या. ढिम्म. मग मी चहावाल्याकडे गेले.

"काका, एक चहा."

"संपला," तो म्हणाला. पातेलं उकळत होतं.

"बरं, ती म्हातारी कुठं राहते? याची?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मी एकदा शिकवलं होतं तसं त्यानं नीट कुत्र्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ती? कुनाची नाय."

टोपल्यावाली हसली. "दवाखान्यातनं सुटला का गं?" तिनं मोठ्यानं विचारलं, आणि आजूबाजूच्या चार बायका वळून बघायला लागल्या. मी मिरचीवालीला विचारलं, सुकटवाल्याला विचारलं. कुणाला म्हातारी माहीत नव्हती, पाडा माहीत नव्हता, आपलं स्वतःचं गाव तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. तेव्हा मला कळलं की पत्ता माहीत असलेला एकच जण माझ्याशी खोटं बोलणार नाही, आणि तो सांजेशिवाय उठणार नाही.

मी दिवसभर उन्हात त्याच्या शेजारी बसले. जीप आली की तो कान टवकारायचा, उतरणारा एकेक माणूस बघायचा आणि कान पाडायचा. दोन-तीनदा मीही मान उंचावून बघितलं. माणसं मलाही ओलांडून गेली.

उन्हं कलली तसा तो उठला, अंग झटकलं आणि चालायला लागला. माझ्यासाठी थांबणं वगैरे काही नाही. शेताच्या बांधावरून, ओढ्यातून, मग चढ. अर्ध्या वाटेत कंपनीच्या बुटाचा एक तळ सुटला आणि जबड्यासारखा उघडला. थोड्या वेळानं दुसऱ्याचा. ते मी एका झुडपाखाली ठेवले आणि अनवाणी त्याच्या मागे गेले, पोटरी ठणकत होती.

कारवीच्या कुडाचं घर, बाहेर एक मांडव, मांडवाखाली तीन खुंटे. तिन्ही रिकामे. एका खुंट्याला तुटलेलं दावं लोंबत होतं.

म्हातारी दारात भाकरीचं पीठ मळत होती. कुत्रा तिच्याकडे धावला. शेपटी अशी हलत होती की मागचं अर्धं अंग हलत होतं. माझा उजवा हात आपोआप वर गेला, शॉट घ्या म्हणून सांगायला. मी तो खाली घेतला.

तिनं पिठाच्या हातानं त्याचं तोंड बाजूला केलं. माझ्याकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं. "आनला," ती म्हणाली. "आता राखायला काय हाय?"

मी बोलायला सुरुवात केली. शूटिंग लांबलं, साहेब, मेळावा. मलाच ऐकवेना. ती आत गेली आणि कुडाच्या फटीत खोचलेलं माझं कार्ड काढून आणलं. धुरानं काळं पडलं होतं, सोनेरी अक्षरं तेवढी दिसत होती.

"ह्ये ने. घरात नको."

मी घेतलं. ती कुत्र्याला म्हणाली, "बस इथं." तो उंबऱ्यापुढे बसला, माझ्याकडे तोंड करून. इतके दिवस त्यानं भिंतीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, पश्चिमेकडे बघितलं. आता सरळ माझ्याकडे बघत होता आणि गळ्यातल्या गळ्यात गुरगुरत होता. मी मागे सरकत सरकत बांधापर्यंत आले तरी तो आवाज चालूच होता.

होळीला तिनं पोराला त्या तीन शेळ्यांचं काय सांगितलं ते मला माहीत नाही. विचारायला गेले नाही. त्यानंतर दोनदा हरसूलवरून जाणं झालं, दोन्ही वेळा गाडीतून उतरले नाही.

मी कुत्रा सोडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "कुत्रा कुठंय?"

"पळाला."

"कुठं पळाला? शोधा ना! मॅडम, तो कंपनीचा आहे."

"पोटरीला चार टाके आहेत माझ्या," मी म्हटलं. "तुम्हीच या आणि शोधा." आणि फोन ठेवला. टाके महिन्यापूर्वीच निघाले होते.

कार्ड अजून आहे. नातीनं ते मागितलं, टेपांबरोबर ठेवायला. मी दिलं नाही.